बरोबरीला अर्धाच भाव: सोव्हिएत लीगचा 1973चा हंगाम

फुटबॉलचा लीग सामना 1-1 असा सुटला की दोन्ही संघांना एकेक गुण. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की याला दुसरा पर्याय असेल असं मनातही येत नाही. पण 1973 साली सोव्हिएत युनियनच्या सर्वोच्च लीगचा अख्खा हंगाम वेगळ्या नियमाने खेळला गेला. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही, तर लगेच पेनल्टी. पेनल्टीत जो जिंकेल त्याला एक गुण, जो हरेल त्याच्या हाती भोपळा.

बाद फेरीत पेनल्टी आपण नेहमी पाहतो, कारण तिथे कुणाला तरी पुढे पाठवायचं असतं. लीगमध्ये तशी काहीच निकड नसते. मग सोव्हिएत फुटबॉल चालवणाऱ्यांना हे का करावंसं वाटलं? आणि नेमक्या त्याच वर्षी मॉस्को नाही, कीव्ह नाही, तर आर्मेनियातल्या येरेवानचा आरारात हा संघ लीगही जिंकला आणि सोव्हिएत कपही, हे कसं झालं? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी ही लीग काय होती ते पाहू. त्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत 16 संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरच्या मैदानावर, एकदा बाहेर. म्हणजे प्रत्येकी 30 सामने आणि सगळे मिळून 240. युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी मे महिन्यात संपतात. इथे ते शक्यच नव्हतं. जानेवारीत मॉस्को किंवा लेनिनग्राडला मैदान बर्फाखाली असायचं. त्यामुळे हंगाम वसंतात सुरू व्हायचा आणि शरद संपता संपता आटोपायचा. सगळं एकाच कॅलेंडर वर्षात, म्हणूनच त्या लीगचा हंगाम ‘1973-74’ असा न लिहिता नुसता ‘1973’ लिहितात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला ल्वोव्हचा कारपाती, पूर्वेला कझाकस्तानातल्या अल्मा-आताचा कैरात, मध्य आशियात ताश्कंदचा पाख्ताकोर, कॉकेशसच्या पायथ्याशी तिबिलिसीचा दिनामो आणि येरेवानचा आरारात. बाहेरचा सामना म्हणजे कधीकधी हजारो किलोमीटरचा विमानप्रवास, वेगळी हवा, वेगळी उंची, वेगळी भाषा बोलणारे प्रेक्षक. अशा ठिकाणाहून एक गुण घेऊन परतणं हे कुठल्याही प्रशिक्षकाला चांगलंच काम वाटायचं. बरोबरीची गोडी तिथूनच लागते.

दुसरी गोष्ट संघांच्या मालकीची. कागदोपत्री सोव्हिएत युनियनमध्ये व्यावसायिक खेळाडू नव्हतेच. खेळाडू कुठल्या तरी खात्याच्या, कारखान्याच्या किंवा फौजेच्या हजेरीपटावर असायचे. त्सेस्का म्हणजे लष्कराचा संघ. दिनामो नावाचे सगळे संघ गृहखात्याशी आणि पोलिसांशी जोडलेल्या क्रीडा संघटनेचे. तोर्पेदो मॉस्कोच्या झिल मोटार कारखान्याचा, शाख्तार दोनेत्स्कच्या खाणकामगारांचा. गोव्यात धेंपो, साळगावकर, सेसा गोवा हे संघ कंपन्यांच्या नावाने खेळत आणि खेळाडू कंपनीच्या पगारावर असत, तसंच काहीसं. फरक एवढाच की तिथे कंपनीच्या जागी सरकार होतं. संघ वर राहिला की स्थानिक पक्षनेत्याची मॉस्कोत मान ताठ राहायची. खाली घसरला की जाब द्यावा लागायचा. युक्रेनचे पक्षप्रमुख श्चेर्बित्स्की दिनामो कीव्हचे किती चाहते होते, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. जिथे हरण्याची किंमत एवढी मोठी, तिथे न हरण्याचे मार्ग शोधले जाणारच.

इथे थोडं गणित करू, कारण या नियमाचा सगळा जीव गणितात आहे.

त्या काळी जवळजवळ जगभर विजयाला दोन गुण होते, तीन नाही. बरोबरीला एकेक. याचा अर्थ, सामना कसाही सुटला तरी दोन्ही संघांत मिळून दोनच गुण वाटले जायचे. 240 सामने, 480 गुण, हिशेब ठरलेला. आता समजा एक संघ ठरवतो की घरच्या 15 सामन्यांत जीव तोडून खेळायचं आणि जिंकायचं, आणि बाहेरच्या 15 सामन्यांत बचाव करून बरोबरी साधायची. 30 अधिक 15, म्हणजे 45 गुण. एवढ्यात अजिंक्यपद जवळजवळ नक्की. बाहेरच्या सामन्यात गोल करायची गरजच नाही. ज्याने तिकीट काढून हा सामना पाहायचा, त्याच्या वाट्याला 0-0.

याहून वाईट प्रकार म्हणजे संगनमत. रशियनमध्ये अशा सामन्यांना ‘दोगोवोर्नी मॅच’ म्हणत, म्हणजे आधीच ठरवून खेळलेला सामना. लाच देण्याघेण्याचीही गरज नसे. दोन प्रशिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं तरी पुरे. तुला एक, मला एक, कुणाचं पोट दुखायचं कारण नाही. हंगामाच्या शेवटी, जेव्हा एका संघाला टिकून राहायला एकच गुण हवा असतो आणि दुसऱ्याचं काही पणाला लागलेलं नसतं, तेव्हा असे सामने पाहणाऱ्यालाही कळायचे. चेंडू मैदानाच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहायचा. गोलरक्षकाचे कपडे मळायचेही नाहीत.

म्हणून 1973चा नियम आला. टायब्रेकरसाठी पेनल्टीची पद्धत तेव्हा अगदी नवी होती. जागतिक फुटबॉलच्या नियमांत तिला 1970मध्ये जागा मिळाली होती. सोव्हिएत महासंघाने ती उचलून थेट लीगमध्ये आणली. नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर प्रत्येकी पाच पेनल्टी, त्यातही समान राहिलं तर फरक पडेपर्यंत एकेक. या पेनल्टीतले गोल खेळाडूच्या खात्यात धरले जात नसत. त्यांचा उपयोग फक्त तो एक गुण कुणाला द्यायचा हे ठरवण्यापुरता.

आता तेच गणित पुन्हा करा. बरोबरीत सुटलेल्या सामन्यात दोघांना मिळून आता एकच गुण. दुसरा गुण कुणालाच नाही, तो लीगमधून नाहीसा होतो. घरी 15 विजय आणि बाहेर 15 बरोबरी साधणारा आपला तो हिशेबी संघ घ्या. पेनल्टीत निम्म्या वेळा जिंकला असं धरलं तर त्याला 45च्या जागी 37 किंवा 38 गुण मिळतील. त्या वर्षी आरारात 39 गुणांनी अजिंक्य ठरला. म्हणजे ज्या सूत्राने आधी अजिंक्यपद खिशात यायचं, ते या एका वर्षी अपुरं पडलं असतं. नियमाने जे साधायचं होतं ते आकड्यांत तरी साधलं: बरोबरीचा भाव निम्म्यावर आला.

पण याच गणितात एक फट राहून गेली, आणि ती मला फार बोलकी वाटते. दोन संघांनी ठरवलं की ‘तू तुझ्या गावात जिंक, मी माझ्या गावात जिंकतो’, तर दोन सामन्यांतून दोघांनाही दोन-दोन गुण. जुन्या नियमात दोन बरोबऱ्यांतूनही दोन-दोनच मिळायचे, म्हणून कुठलीही तडजोड चालायची. नव्या नियमात बरोबरीची तडजोड महाग झाली, विजयांची अदलाबदल मात्र होती तशीच राहिली. बरोबरी हे दुखण्याचं लक्षण होतं. नियम लक्षणावर लागला, दुखण्यापर्यंत पोहोचला नाही.

आता आरारातकडे येऊ.

आरारात हे नाव एका पर्वताचं. आर्मेनियन माणसाच्या मनात त्याला देवघरासारखी जागा आहे, पण तो पर्वत आहे सीमेपलीकडे, तुर्कस्तानात. स्वच्छ दिवशी येरेवानमधून त्याची बर्फाच्छादित शिखरं दिसतात, जाता मात्र येत नाही. संघाचं आधीचं नाव स्पार्ताक होतं, 1960च्या दशकात ते बदलून आरारात झालं. त्याच दशकात, 1965च्या एप्रिलमध्ये, ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या 1915च्या नरसंहाराला पन्नास वर्षं झाली म्हणून येरेवानच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. सोव्हिएत राजवटीत असा मोर्चा ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर दोनच वर्षांत त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर बळींचं स्मारक उभं राहिलं. आणि त्या टेकडीच्या कुशीत, ह्राझदान नदीच्या घळईत, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रचंड स्टेडियम बांधलं गेलं. हेच आरारातचं मैदान. वर स्मारक, खाली स्टेडियम, आणि स्टेडियममध्ये हजारो लोक एका सुरात त्या पर्वताचं नाव घेतायत. त्या घोषणेत फुटबॉलपेक्षा बरंच जास्त काही होतं, आणि ते ओरडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. संघाचंच नाव होतं ना ते.

संघ तयार होत आलेला होता. 1971मध्ये तो दुसरा आला होता. 1972मध्ये वोरोशिलोव्हग्राडच्या झार्याने अजिंक्यपद मिळवून सगळ्यांना धक्का दिला. वोरोशिलोव्हग्राड तर एखाद्या प्रजासत्ताकाची राजधानीही नव्हतं, रेल्वे इंजिनं बनवणारं औद्योगिक शहर. मॉस्कोबाहेरचा, कीव्हबाहेरचा संघही जिंकू शकतो हे त्यातून दिसलं. 1973साठी आरारातने प्रशिक्षक आणले निकिता सिमोन्यान.

सिमोन्यान हे मॉस्कोच्या स्पार्ताकचे जुने आघाडीवीर, 1956च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचे मानकरी. त्या पदकाची गोष्ट सोव्हिएत फुटबॉलमध्ये आजही सांगितली जाते. तेव्हा फक्त अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरा जणांना पदक मिळायचं. तरुण स्त्रेल्त्सोव्ह आधीचे सगळे सामने खेळला, अंतिम सामन्यात मात्र त्याच्या जागी सिमोन्यान उतरले. नंतर सिमोन्यान आपलं पदक स्त्रेल्त्सोव्हला द्यायला गेले, त्याने ते घेतलं नाही. प्रशिक्षक म्हणून त्यांनी स्पार्ताकला 1962 आणि 1969ची अजिंक्यपदं मिळवून दिली होती. आर्मेनियन वंशाचा, पण मॉस्कोत नाव कमावलेला माणूस येरेवानला येतो, याचं तिथल्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

संघात बहुतेक पोरं स्थानिक. कर्णधार ओहानेस झानाझान्यान, गोलरक्षक अल्योशा अब्राहाम्यान, मधल्या फळीत आर्कादी आंद्रेआस्यान, पुढे लेवोन इश्तोयान आणि एदुआर्द मार्कारोव्ह. मार्कारोव्ह बाकूमध्ये वाढलेला, आधी तिथल्याच नेफ्तचीकडून खेळायचा, लहान चणीचा आणि गोलसमोर अतिशय थंड डोक्याचा. या संघाची मूळ वृत्तीच पुढे जाण्याची होती. घरच्या प्रेक्षकांसमोर चेंडू मागेमागे फिरवत बसणं त्यांना मानवणारं नव्हतं. बरोबरीला अर्धा भाव देणारा नियम अशा संघाच्या पथ्यावर पडणार हे उघड होतं.

प्रतिस्पर्धी मात्र तगडा होता. दिनामो कीव्हकडे ओलेग ब्लोखिन होता, जेमतेम विशीतला, वाऱ्यासारखा धावणारा. त्या हंगामात त्याने 18 गोल करून सगळ्यांना मागे टाकलं आणि वर्षाचा सर्वोत्कृष्ट सोव्हिएत खेळाडूही ठरला. आधीच्या बारा वर्षांत कीव्हने पाच वेळा लीग जिंकली होती.

10 ऑक्टोबरला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर कपचा अंतिम सामना झाला. आरारात विरुद्ध दिनामो कीव्ह. लीगमध्येही हेच दोघे चढाओढीत होते, त्यामुळे या सामन्याला दुहेरी वजन. दुसऱ्या अर्धात कीव्हने आघाडी घेतली आणि ती टिकवली. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. कीव्हचे प्रशिक्षक सेविदोव्ह यांनी शेवटच्या टप्प्यात खेळाडू बदलले, कप हातात आल्यासारखाच होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला इश्तोयानने गोल केला. 1-1. जादा वेळेत तोच इश्तोयान पुन्हा पुढे, दुसरा गोल, 2-1. कप येरेवानला. कीव्हमध्ये त्या शेवटच्या बदलांवरून मोठं वादळ उठलं आणि सेविदोव्ह यांचं पद त्याच शरदात गेलं. त्यांच्या जागी द्नेप्र या संघाकडून प्रशिक्षक वालेरी लोबानोव्स्की आले. पुढची पंधरा-सोळा वर्षं सोव्हिएत फुटबॉलवर ज्या माणसाची छाप राहिली, त्याच्यासाठी कीव्हचं दार या हरण्याने उघडलं.

मग ऑक्टोबरच्या अखेरीस येरेवानच्या ह्राझदान स्टेडियमवर लेनिनग्राडचा झेनित आला. आरारातने तो सामना 3-2 जिंकला आणि लीगही खिशात घातली. आरारात 39 गुण, दिनामो कीव्ह 36, दिनामो मॉस्को 33. आपली मातृभाषा, आपली लिपी, आपला इतिहास धरून बसलेल्या त्या छोट्या प्रजासत्ताकाने एकाच महिन्यात अख्ख्या सोव्हिएत युनियनचे दोन्ही मान मिळवले होते. मॉस्कोबाहेरच्या कुठल्याही संघाने लीग आणि कप एकाच वर्षी जिंकण्याची ही दुसरीच वेळ. आधी 1966मध्ये कीव्हने ते केलं होतं.

त्या 39चा अर्थ नीट पाहायला हवा. पेनल्टीने मिळणारा गुण एकटा, विजयाने मिळणारे दोन. पेनल्टीच्या एकेका गुणावर 39पर्यंत पोहोचता येत नाही. आरारातने अजिंक्यपद नव्वद मिनिटांच्या आत जिंकून मिळवलं. पेनल्टीचा नियम म्हणजे लॉटरी, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. पण या लॉटरीवर अवलंबून न राहणारा संघच शेवटी वर आला, म्हणून त्या अजिंक्यपदावर कुणी बोट ठेवलं नाही.

त्याच शरदात राष्ट्रीय संघाचं काय झालं हेही सांगायला हवं. विश्वचषकाच्या पात्रता लढतीत सोव्हिएत संघाची गाठ चिलीशी होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला चिलीत लष्करी उठाव झाला, आणि महिनाअखेरीस मॉस्कोतला पहिला सामना 0-0 सुटला. परतीचा सामना सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ठेवला होता, जिथे उठावानंतर हजारो कैद्यांना डांबलं होतं. सोव्हिएत संघ तिथे गेलाच नाही आणि विश्वचषकाबाहेर पडला. आरारातचे शिलेदार आणि ब्लोखिन ऐन भरात असताना ती पिढी 1974चा विश्वचषक खेळू शकली नाही. मला याची हळहळ वाटते, पण त्या स्टेडियमवर न खेळण्याचा निर्णय चुकीचा होता असं म्हणवत नाही.

आरारातला युरोपात मात्र संधी मिळाली. 1974-75च्या युरोपियन कपमध्ये त्यांनी नॉर्वेच्या वायकिंगला आणि आयर्लंडच्या कॉर्क सेल्टिकला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली बायर्न म्युनिकशी. बेकेनबावर, म्युलर, मायर असलेला बायर्न, गतविजेता. म्युनिकमध्ये आरारात 0-2 हरला. येरेवानमध्ये आंद्रेआस्यानच्या गोलने 1-0 जिंकला. एक गोल कमी पडला. बायर्नने पुढे जाऊन कप राखला, पण त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत गेर्ड म्युलरच्या बरोबरीने, पाच गोलांसह, मार्कारोव्हचं नाव आहे.

आणि नियमाचं काय झालं? एका वर्षातच मागे घेतला गेला. 1974पासून बरोबरीला पुन्हा एकेक गुण. लोबानोव्स्कींनी कीव्हमध्ये घरी जिंका, बाहेर हरू नका हे सूत्र काटेकोरपणे राबवायला सुरुवात केली. माणूस विलक्षण बुद्धिमान होता आणि त्याच्या संघाने 1975मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकला, तेव्हा हे नुसतं बचावाचं फुटबॉल होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण लीगच्या तक्त्यात त्याचा परिणाम दिसायला लागला. 1977मध्ये कीव्ह अजिंक्य झाला तो 30 सामन्यांत 14 विजय, 15 बरोबऱ्या आणि एकाच पराभवासह. गुण 43. आपण वर काढलेला 45चा हिशेब आठवा. कागदावरचं सूत्र जवळजवळ जसंच्या तसं मैदानात उतरलं होतं.

मग महासंघाने दुसरा उपाय काढला. 1978पासून बरोबरीला मर्यादा आली. हंगामात आठ बरोबऱ्यांपर्यंत गुण, नवव्यापासून शून्य. पेनल्टी नाही, काही नाही, सरळ शून्य. समोरच्या संघाची मर्यादा संपलेली नसेल तर त्याला मात्र त्याचा एक गुण मिळणार. पुढे ही मर्यादा दहापर्यंत वाढवली आणि 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती या ना त्या रूपात टिकली. पण ‘तू तुझ्या गावात, मी माझ्या गावात’ ही फट यातही तशीच उघडी होती. उलट, कोटा संपलेल्या संघाला आता विजयांची अदलाबदल जास्तच सोयीची झाली.

भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट. मर्यादा लागू झाली त्याच वर्षी, 1978मध्ये, आरारात कोलकात्याला आयएफए शील्ड खेळायला आला. अंतिम फेरीत समोर मोहन बागान. सामना 2-2 असा सुटला आणि शील्ड दोघांत विभागून दिली गेली. पाच वर्षांपूर्वी बरोबरीनंतर पेनल्टीला उभं राहावं लागणाऱ्या आणि मायदेशी आता एकेका बरोबरीचा हिशेब ठेवावा लागणाऱ्या त्या संघाला इथे बरोबरीने निम्मी शील्ड मिळाली. मोहन बागानच्या चाहत्यांना हा निकाल अजून तोंडपाठ आहे.